डाव्या कडेचा माणूस

सिंगापुरात एस्केलेटरवर डावीकडे उभं राहायचं असतं आणि घाई असलेल्यांनी उजवीकडून चालत जायचं असतं. हे कुणी शिकवावं लागत नाही. नवा माणूस बघून बघून दुसऱ्या दिवशी शिकतो. विलास इंगवले यांना इथे येऊन बरीच वर्षं झाली. त्यांना ही पद्धत पूर्ण माहीत आहे आणि अजिबात मान्य नाही.

ते डावीकडूनच चढतात. म्हणजे उभ्या माणसांच्या रांगेतून, खांद्याने वाट काढत. संध्याकाळी यिशुन स्टेशनवर ऑफिस सुटलेली गर्दी मुकाट्याने उभी असते आणि खालून आवाज येतो, "सरका मर्दा, सरका. डावी बाजू काय उभं ऱ्हायाला असती?" मराठी कुणाला कळत नाही, पण सूर कळतो. माणसं "सॉरी अंकल" म्हणत पिशव्या पोटाशी धरतात. उजवी बाजू वरपर्यंत रिकामी असते. मी एकदाच, अगदी हळू आवाजात, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. मी त्यांना दुसऱ्याच्या उष्ट्या ताटावर जेवायला बसवलं असावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"उजवीकडनं मी आयुष्यात पळालो न्हाई," ते म्हणाले. "आता काय म्हातारपणी अब्रू घालवू?"

इंगवले काका एके काळी फुटबॉलमध्ये लेफ्ट विंगर होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून माझ्यासारख्यांसाठी सांगते. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेघेला धरून पळणारा माणूस. तो चेंडू घेऊन शेवटपर्यंत जातो आणि तिथून मधल्या माणसासाठी उचलून टाकतो. गोल मधला करतो. खांद्यावर मधल्याला घेतात. "मधली माणसं फोटोत असत्यात," काका सांगतात. "कडंची माणसं त्या वेळी कंबरेवर हात ठिवून दम खात असत्यात."

मी त्यांच्या मुलीची भाडेकरू आहे. प्राजक्ताताई आणि तिचा नवरा यांच्या फ्लॅटमधली सगळ्यात लहान खोली माझी, आणि तिला लागून काकांची. काकू गेल्यावर ताईने त्यांना इकडे आणलं. मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इथे एका कंपनीत अकाउंट्स बघते, आणि माझ्याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे की ही फार शांत आहे. शांत माणसाला राग येत नाही असा लोकांचा समज असतो. काकांच्या भिंतीला भिंत लावून राहिल्यापासून माझा राग चांगला बाळसं धरून आहे.

काकांचा राग मात्र उघड्यावर असतो. सकाळी पहिला मान आमच्या ब्लॉकखालच्या बोर्डाचा. इथे प्रत्येक इमारतीच्या तळाला खांबांची मोकळी जागा असते, तिला व्हॉइड डेक म्हणतात. सपाट फरशी, सावली, वारा. आणि भिंतीवर बोर्ड, फुटबॉलचं चित्र आणि त्यावर आडवी लाल रेघ. चेंडू खेळायला मनाई. काका फिरायला निघताना त्या बोर्डासमोर थांबतात आणि त्याला मनापासून एक शिवी देतात. "असली फरशी आमच्या पेठेत असती तर हिंदुस्थान वर्ल्डकप खेळला असता. आणि ह्यांनी हितं काय ठेवलंय? हवा!"

दुसरा राग हल्लीच्या विंगरांवर. आजकाल म्हणे डाव्या पायाच्या खेळाडूला उजवीकडे खेळवतात, मग तो रेघेने न जाता आत वळतो आणि स्वतःच गोल मारतो. कोट्यवधी लोकांना हे आवडतं. काकांना नाही. "आत घुसत्यात. रांगेत घुसल्यावाणी आत घुसत्यात. रेघ सोडली की माणूस सुटला." हे वाक्य त्यांनी मला एस्केलेटरवर, लोकांच्या रांगेत घुसत असताना ऐकवलं होतं.

या देशातली एकच पद्धत त्यांना पटलेली आहे. इथे बसला हात दाखवावा लागतो, नाहीतर ती थांबत नाही. बस वळणावरही आलेली नसते आणि काकांचा डावा हात ताठ वर गेलेला असतो. त्यांच्या धंद्यातली ती सवय. "नुसतं मोकळं असून उपेग न्हाई पोरी. मोकळा हाय हे दिसाय लागतं. नाहीतर नव्वद मिनिटं पळ, कोण बॉल देत न्हाई."

मागच्या गणपतीत ताई मला मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. टॅम्पिनीसच्या एका हॉलमध्ये आरती, मग जेवण. मी नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून ताट हातात धरून उभी होते. काका आले, माझ्याकडे बघितलं, मग हॉलकडे बघितलं. "जागा बरोबर धरलीयास," ते म्हणाले. "कडंला. पण हात वर कुठाय?" मी कसनुसं हसले. त्यांना माझं ते हसणंही आवडलं नाही.

आणि ऑफिसात माझं महिनाभराचं काम माझ्या मॅनेजरने स्वतःचं म्हणून मीटिंगमध्ये मांडलं, तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळताना ते माझ्या तोंडून निसटलं. काकांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं मॅनेजरला शिव्या देतील. "तू काय केलंस?" त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हणाले. "मग बॉल काय टपालानं येणार हाय?" असं ओरडून ते चहा न घेता निघून गेले. मी दोन्ही कप प्यायले. रागाने.

पण या सगळ्यापेक्षा वैताग म्हणजे त्यांचं मॅच बघणं.

कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा असतो हे मला महाराष्ट्रात वाढूनही माहीत नव्हतं. कुस्तीच्या तालमी असतात, त्यांच्याच नावाने संघ असतात, आणि एका तालमीचा माणूस दुसऱ्या तालमीच्या गल्लीतून मॅचच्या दिवशी जात नाही. काका नागोबा तालमीचे. तिथले सामने हल्ली यूट्यूबवर थेट दाखवतात. तिथे दुपारचे चार म्हणजे इथे साडेसहा. मी दमून घरी येऊन डोकं टेकायचे, आणि भिंतीपलीकडे सुरू व्हायचं.

"बॉल डावीकडं. अठरा नंबर पळालाय. निळा शर्ट अंगावर आलाय त्याच्या. काढ. काढ की बाहेरनं! थांबला. का थांबलास? सासुरवाडी हाय तुझी तिथं? मागं दिला. परत मागं दिला. आमचा किपर पुढं येऊन उभा ऱ्हायलाय, मोजं खाली आल्यात त्याचं. ऊन त्याच्या डाव्या गालावर हाय."

लोक टीव्हीवर ओरडतात, मला माहीत आहे. माझे बाबा क्रिकेट बघताना ओरडतात. पण बाबा "अरे, काय हे!" असं ओरडतात. काका समोर जे दिसतंय ते सगळं, शर्टाचा रंग, कोण कुठे उभा आहे, कुणाचे मोजे घसरलेत, हे पूर्ण मॅचभर एक श्वास न घेता सांगत राहतात. शिव्यांसकट. टीव्हीला दिसतंय ते टीव्हीलाच सांगायचं. आणि उन्हाचा पत्ता तर दर थोड्या वेळाने. ऊन किपरच्या डोळ्यावर आलं, ऊन खांबाआड गेलं. यिशुनमध्ये बसून कोल्हापूरच्या उन्हाची एवढी काळजी कशाला, हे मला कळत नव्हतं. मी उशी कानावर दाबून पडून राहायचे.

काकांच्या कारकिर्दीची गोष्ट मला प्राजक्ताताईने सांगितली, भाजी निवडताना, तीही चिडूनच. या घरात कोणतीच गोष्ट शांतपणे सांगितली जात नाही.

काका आणि त्यांचे थोरले भाऊ, शंकरदादा, एकाच गल्लीत फुटबॉल शिकले. दादा देवळाच्या पायऱ्यांसमोर किपर म्हणून उभे राहायचे आणि विलास गटाराच्या कडेने पळत येऊन चेंडू उचलून टाकायचा. शाळेआधी, शाळेनंतर. पुढे दोघेही नागोबा तालमीकडून खेळले. दादा गोलमध्ये, काका डाव्या कडेला. जिंकले की सगळी टीम दुधाच्या कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची. तेव्हा चांगल्या खेळाडूला बँकेत नाहीतर कारखान्यात चिकटवून घ्यायचे. सकाळी नोकरी, दुपारी खेळ. काकांनाही बँकेचं बोलावणं आलं होतं. आणि त्याच वेळी गोव्यातल्या एका क्लबने विचारलं, आमच्याकडे नुसता खेळ, नोकरी नाही, खेळायचाच पगार.

काकांनी बँक सोडली आणि गोवा धरला. पेठेत असा पगारी खेळाडू होणारा पहिला माणूस. आजही ते "प्रोफेशनल" हा शब्द उच्चारताना खुर्चीत जरा सरळ होतात. पेठ मात्र सरळ झाली नाही. भाड्याचा बैल म्हणाली. सुट्टीला घरी आल्यावर ते कट्ट्यावर गेले, तर दूधवाल्याने त्यांच्यापुढे पेला केलाच नाही. पगारी माणसाने पिशवीचं दूध घ्यावं, म्हणाला. काका आजही पिशवीतलं किंवा खोक्यातलं दूध पीत नाहीत. सिंगापुरात दुसरं दूध मिळत नाही, त्यामुळे ते काळा चहा पितात आणि प्रत्येक घोटाला त्या दूधवाल्याची आठवण काढतात.

मग एका स्पर्धेला तो गोव्याचा क्लब कोल्हापुरात आला आणि फायनलला समोर नागोबा तालीम. गोलमध्ये दादा.

"पप्पांनी डावीकडून बॉल उचलला," ताई म्हणाली. "सगळ्यांना वाटलं, मधल्याला देणार. तो सरळ दादाकाकांच्या डोक्यावरून गोलमध्ये गेला. दादाकाकांची एक खोड होती. बॉल हवेत दिसला की तो कुठे पडणार हे कळायच्या आधीच ते डावं पाऊल पुढे टाकायचे. ते जगात फक्त पप्पांना माहीत होतं. गल्लीत शिकलेलं."

विंगरच्या आयुष्यात स्वतःचे गोल थोडेच. काकांचा सगळ्यात गाजलेला गोल हाच. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं की भावाभावांनी घरात ठरवून केलंय. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्याने काकांना विचारलं, कसं जमलं? तरुण वय, डोक्यात प्रोफेशनलपणाची हवा. ते म्हणाले, दादा कुठं पाऊल टाकतो ते मला लहानपणापासनं ठाऊक हाय. ते तसंच छापून आलं. पेठेने त्यातून हवं ते वाचलं. नागोबा तालमीने दादांना परत कधीही गोलमध्ये उभं केलं नाही.

दादा भावाशी शेवटचं जे बोलले ते ताईला पाठ आहे, कारण घरात भांडण झालं की काकू ते वाक्य काकांना ऐकवायच्या. "गोल केलास, तो तुझा धंदा. घरातलं बाजारात का मांडलंस?"

त्यानंतर दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. काकांचा क्लब मालकाला कंटाळा आल्यावर बंद पडला. गुडघा त्याच्या आधीच गेला होता. मग त्यांनी शाळेत पीटी शिकवलं, लग्न केलं, ताईला वाढवलं. दादा कोल्हापुरात, स्टेडियमच्या मागच्या गल्लीत, सुनेकडे. लग्नकार्यात दोघे मांडवाच्या दोन टोकांना बसतात. ताईने हे सांगून पालकाची जुडी अशी आपटली की देठ उडाले. "दोघेही हट्टी. मरतील असेच."

नागोबा तालीम या वर्षी बऱ्याच काळाने फायनलला पोहोचली आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे तक्रार आली. दुसऱ्या मजल्यावरची एक चिनी आंटी दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा आजारातून उठला होता आणि त्याला संध्याकाळी झोप लागायची. अंकल रोज कुणाला मारतात का, असं तिने विचारलं. ताईला इतकी लाज वाटली की तिने तिथेच वचन दिलं, परत आवाज येणार नाही. मग तिने काकांना भारीतले हेडफोन आणून दिले.

"ह्यानं मला टीव्हीचा आवाज ऐकू येईल," काका म्हणाले. "माझा आवाज कसा बंद होईल?"

"तुम्ही बंद करायचा, पप्पा."

"मॅच गप बसून बघू?"

"सगळं जग बघतं."

"मग मी बघणारच न्हाई असं म्हण की सरळ."

ताई म्हणाली, तसं तर तसं. एक तर गप्प बसून बघा, नाहीतर रविवारी वायफाय बंद. तिचंही चुकत नव्हतं. आम्ही इथे शेजाऱ्यांशी नीट राहायला आलेली माणसं आहोत, आमच्या पोटात ती भीती असतेच. मला तर मनातून आनंद झाला होता. एक तरी संध्याकाळ शांत मिळेल. पण काकांकडे बघितलं आणि तो आनंद टिकला नाही. मी त्यांना चिडलेलं रोज बघते. तेव्हा ते चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. फुटबॉल मॅचसाठी म्हातारा माणूस इतका घाबरतो, हे मला नवीन होतं.

रविवारी सव्वासहाला माझ्या दारावर थाप पडली. काकांच्या एका हातात टॅब्लेट, दुसऱ्या हातात फोन. "चल खाली. मला दोनच हात हाईत."

नाही म्हणायची माझी फार इच्छा होती. माझी नेहमीच असते.

व्हॉइड डेकमध्ये दगडी टेबल आणि दगडी स्टुलं आहेत. काकांनी टॅब्लेट टेबलावर खांबाला टेकवून ठेवला, बरोबर त्या बोर्डासमोर. इंटरनेट माझ्या फोनवरून घेतलं. मग स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "हा माझ्या तोंडाजवळ धर. हलवू नको. आणि बोलू नको. ते तुला जमतंय."

फोनवर त्यांनी आधीच नंबर लावलेला होता. पडद्यावर नाव होतं, दादा. पलीकडून एका बाईने फोन उचलला, "हं, ठेवते हां जवळ," एवढंच म्हणाली आणि कशावर तरी फोन ठेवल्याचा आवाज झाला. त्यानंतर कुणीच बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता. कुणीतरी खाकरलं.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्यावरच चिडल्यासारखे भराभर बोलले. दादांना काचबिंदू झाला, दोन्ही डोळे गेले. सुनेने ते कळवायला फोन केला तेव्हा इकडे मॅच चालू होती आणि काका टीव्हीवर ओरडत होते. ती फोन ठेवायला लागली, तर दादा तिला म्हणाले, ठेवू नको. तेव्हापासून हे असं.

"तिथे समालोचक असतो ना?" मी विचारलं.

"असतो की. पाव्हण्यांची नावं घेतोय आणि सराफाच्या जाहिराती वाचतोय. बॉल कुठाय ते तो सोडून सगळं सांगतोय."

"पण तुम्ही तर एकमेकांशी बोलत नाही."

"न्हाईच बोलत. मी मॅचशी बोलालोय. तो ऐकालाय. त्यात बोलणं कुठं आलं?"

आणि त्यांनी फोनवरचा हात काढला, कारण खेळ सुरू झाला होता.

उशी कानावर दाबून मी जे महिनोन् महिने ऐकलं होतं, ते आता मला ऐकू आलं. काकांना बसता येत नव्हतं. ते टेबलाच्या डाव्या बाजूने पुढे मागे करत होते आणि मी फोन घेऊन त्यांच्यामागे. "आमचा सात नंबर रेघेवर हाय. त्याला देत न्हाईत. हात वर केलाय त्यानं, आंधळ्यांनो, द्या की!" तो शब्द तोंडातून गेला तसे ते क्षणभर थबकले. पंखा चालू होता. ते पुन्हा ओरडायला लागले, आणखी मोठ्याने.

मध्येच मला आणखी एक गोष्ट कळली. यूट्यूबवर चित्र जरा उशिरा पोहोचतं. दादांचं घर मात्र स्टेडियमला लागून. त्यामुळे काही झालं की आधी फोनमधून मैदानाची आरोळी यायची, आणि पडद्यावर अजून चेंडू मैदानाच्या मध्यातच असायचा. दादांना आरोळी ऐकू यायची पण का ते कळायचं नाही. काकांना दिसायचं, पण मागाहून. तेवढा वेळ दोघेही थांबलेले असायचे, एक आवाजाजवळ आणि एक चित्राजवळ.

हाफटाइम झाला तरी काका थांबले नाहीत. बाजू बदलल्यात, त्यांनी सांगितलं, आता ऊन आमच्या किपरच्या पाठीला आलंय, बरं झालं.

एवढ्यात आंटी आली. दुसऱ्या मजल्यावरची तीच, भाजी आणायची छोटी ढकलगाडी घेऊन. "अंकल," ती म्हणाली, "अपस्टेअर्स नॉट इनफ, नाऊ डाउनस्टेअर्स ऑल्सो?" तिचाही राग खरा होता, आजारी नवऱ्याचा होता. काकांना ती दिसलीच नाही असं मला वाटलं. तिने पिशवीतून फोन काढला, तक्रार करायला फोटो काढणार होती. आणि माझा हात वर गेला. मी ठरवून केलेलं नाही. एका हातात काकांचा फोन आणि दुसरा हात ताठ वर, बस थांबवावी तसा. आंटी खरंच थांबली.

मी तिला सांगितलं. ज्यांना फोन लावलाय ते त्यांचे भाऊ आहेत, त्यांना दिसत नाही, आज फायनल आहे, तासाभरात संपेल. माझ्या आवाजात भीती कमी होती आणि राग जास्त. मी तिच्यावर का रागावले होते कोण जाणे. बहुतेक नव्हतेच. त्या पेठेवर रागावले होते, त्या दूधवाल्यावर, त्या पेपरवाल्यावर, माझ्या मॅनेजरवर, आणि मी आयुष्यभर उश्यांत दाबून ठेवलेल्या सगळ्या वाक्यांवर.

आंटीने टॅब्लेटकडे बघितलं, काकांकडे बघितलं. मग एका दगडी स्टुलावर बसली. "ब्रदर कॅनॉट सी?" ती म्हणाली. "देन टेल प्रॉपर्ली, लाह. दॅट बॉय नंबर सेव्हन सो टायर्ड ऑलरेडी. टेल हिम."

"सात नंबर दमलाय," काकांनी आज्ञाधारकपणे सांगितलं.

खेळ संपत आला होता, दोन्हीकडे एकही गोल नव्हता, आणि फोनमधून आरोळी आली. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी. पडद्यावर चेंडू अजून मध्यावर होता. काकांचा चेहरा उतरला. आरोळी कुणाची आहे हे त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी झालंय आणि ते आता आपल्याला दिसणार आहे, हे कळत होतं. त्यांनी आवाज बदलला नाही. "बॉल त्यांच्याकडं. त्यांच्या डाव्या विंगरकडं. बाहेरनं गेला. चांगला गेला. रेघ धरून गेला." मग ते थांबले. "उचलला."

पडद्यावर चेंडू हवेत होता. तो कुठे जाणार हे अजून ठरलेलं नव्हतं, आणि नागोबाच्या किपरने पाऊल पुढे टाकलं. डावं. माझ्यासारखीला दिसलं म्हणजे काकांना दिसलंच असणार. चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे जाळ्यात पडला.

काका गप्प होते. मी त्यांना मॅच चालू असताना गप्प कधी ऐकलं नव्हतं. आंटीही वळून बघायला लागली. फोनमध्ये पंखा फिरत होता, पलीकडचा माणूस वाट बघत होता.

"गोल झाला," शेवटी ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मी फोन आणखी जवळ नेला. "त्यांचा. किपरची चूक न्हाई. ऊन डोळ्यावर होतं त्याच्या. कुणालाच अडवता आला नसता."

फोनमध्ये खाकरल्याचा आवाज आला. मग एक जाड, खरखरीत आवाज, जो मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"ऊन पाठीला हाय त्याच्या. मघाशी तूच म्हणालास."

काकांनी टेबलाची कड धरली.

"पाऊल आधी टाकलं न्हवं त्यानं?"

"टाकलं," काका म्हणाले.

"डावं?"

"डावं, दादा."

मैदानाचा गोंगाट लांबून येत होता. मग तो आवाज म्हणाला, चिडूनच, या घराण्यात दुसरा सूर नसावा, "मग तसं सांग की. किपरची खोड झाकू नये लेका. झाकली की ती तशीच ऱ्हाती."

काकांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि उरलेली मॅच सांगायला घेतली. घसा बसला होता, शिव्या तुटत होत्या, पण एकही गाळली नाही. शिट्टी वाजली. नागोबा हरली. आंटीने "आयो" म्हणून मान हलवली, ढकलगाडी उचलली आणि जाताना मला म्हणाली, पुढच्या वेळी खालीच करा, वर नको.

शिट्टी वाजली की सून फोन कापायची, असं काका नंतर म्हणाले. त्या दिवशी तिने कापला नाही. मी फोन परत द्यायला हात पुढे केला, पण त्यांनी घेतला नाही. टॅब्लेटवर समालोचक पाहुण्यांची नावं वाचत होता. काकांनी तो बंद केला आणि इकडेतिकडे बघितलं, सांगायला काहीतरी शोधल्यासारखं.

"हितं एक बोर्ड हाय," ते ओरडून म्हणाले. "बॉलवर लाल रेघ मारलीया. एवढी मोठी फरशी, आणि खेळायला बंदी. खांब हाईत सगळीकडं. दोन खांबांच्या मधी तू उभा ऱ्हायला असतास." पंखा फिरत होता. "एक आंटी आलती, गेली. आणि एक पोरगी हाय. फोन धरून उभी हाय कवापासनं. बोलत न्हाई फारसं." त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. "विंगर हाय. आज हात वर केला तिनं."

"बघितलास?" फोनमधून आवाज आला.

"बघितला की," काका म्हणाले. "सगळं दिसतंय मला हितनं."